थांबा, मी येतोय

१

धनेशच्या दारावर लाल ऑइलपेंटनं लिहिलं होतं, 'खुनी'. अक्षर वाकडंतिकडं, ओघळ खाली उंबऱ्यापर्यंत आलेले. खिडकीची काच फुटून गॅलरीत पसरलेली. सकाळी नळाची वेळ. सगळी चाळ बादल्या घेऊन काचा चुकवत जात होती, पण झाडू कोणी उचलत नव्हतं. माझा जन्म गेला लालबागमध्ये. शेजाऱ्याच्या दारातली काच कोणी झाडली नाय, हे पहिल्यांदा बघितलं.

शेवटी मीच झाडली. सगळ्यांनी ते बघून ठेवलं.

मी रामजी. शाळेशी आपलं कधी पटलं नाय. शिवडीला गोदामातनं माल उचलायचा टेम्पो चालवतो. जे झालं ते जसं झालं तसं सांगतो, सजवायला मला जमत नाय.

तळमजल्यावरच्या शिवाची बायको सीमा बाळंतपणात गेली. पोरगी जगली, आई गेली. रक्त वाहिलं, थांबेना, आणि चढवायला मिळालं नाय. का मिळालं नाय? तर तिचं रक्त साधं नव्हतंच. बॉम्बे ब्लड म्हणतात त्याला. वरवर तपासलं तर ओ ग्रुप वाटतो, पण ओ चढवलं तर माणूस दगावतो. हजारोंत एखाद्याचं असतं. ज्यांचं असतं त्यांची नावं एक ट्रस्ट जपून ठेवतो, लोअर परळला. गरज पडली की ट्रस्ट त्यांना मेल पाठवतो. मेलमध्ये पेशंटचं नाव नाय, आणि पेशंटच्या घरच्यांना देणाऱ्याचं नाव नाय. कडक नियम.

सीमाचं दहावं झालं त्या दुपारी शिवाला एक फोन आला. आवाज दाबलेला. "तुझ्या बायकोला लागत होतं ते रक्त तुझ्याच चाळीत होतं. दुसरा मजला, धनेश. नाही म्हणाला."

त्यानंतर काय झालं ते दारावर लिहिलेलंच होतं.

मी काचा पेपरात गुंडाळत होतो, तेवढ्यात दार उघडून धनेशची आई बाहेर आली. सुभद्राकाकी. माझा हात धरला आणि सरळ आमच्या खोलीत, माझ्या बहिणीसमोर जाऊन उभी राहिली.

"ललिता, माझ्या झिलाक वाचव गो. दोन दिस झाले, पोटात अन्न नाय त्याच्या. शनिवारी खोली सोडून जातंव म्हणता. खय जाणार?"

माझी मोठी बहीण ललिता पोलिसात होती. इन्स्पेक्टर होऊन रिटायर झाली. आता गुडघे चालत नायत, जीभ चालते.

"काकी, बस आधी," ती म्हणाली. "आणि एक सांग. तो नाही का म्हणाला?"

"तो नाय म्हणूकच नाय!" काकी ओरडलीच. "तो हो म्हणालो होतो!"

२

धनेश भिंतीला टेकून बसला होता. पंचविशीतला पोरगा, कुरिअरच्या ऑफिसात कामाला. दाढी वाढलेली. ताईला बघून उठायला लागला.

"बस. मला पण बसव, गुडघे गेलेत. आता पहिल्यापासून बोल."

"आत्या, मी ट्रस्टला आधी पण रक्त दिलंय. त्या दिवशी सकाळी मेल आली. रक्त हवंय, पेशंट परळला, अर्जंट. दोन बटणं होती. एक 'आज जमणार नाही'. आणि त्याच्याखाली 'थांबा, मी येतोय'."

"तू कुठलं दाबलंस?"

"खालचं. थांबा, मी येतोय. आधीच्या मेलमध्ये नुसतं 'मी येतो' असायचं आणि ते वर असायचं. या वेळी शब्द वेगळे होते म्हणून लक्षात राहिलं. दाबल्यावर आलं, धन्यवाद, तुमचं उत्तर पोचलं. मग जेवून घेतलं आणि फोन हातात घेऊन बसलो."

"सरळ गेला का नाहीस?"

"जायचं कुठं? मेलमध्ये हॉस्पिटलचं नाव नसतं. ट्रस्टमधनं सरोजिनीबाईंचा फोन येतो, त्या सांगतात कुठं, कधी. आपण उलटा फोन करायचा नाही, लाईन मोकळी ठेवायची, असं त्यांचं सांगणं आहे. फोन नाही आला तर समजायचं, दुसऱ्या कोणीतरी दिलं."

मला राहवलं नाय. मी म्हणालो, "अरे पण धन्या, त्याच दुपारी शिवानं चाळीच्या ग्रुपवर टाकलं होतं ना, सीमाला रक्त पाहिजे, या म्हणून? सगळी पोरं धावली. मी टेम्पोत भरून नेली. तू दारात उभा होतास. हाक मारली तर मान हलवलीस."

धनेशनं माझ्याकडं बघितलं. ते बघणं मला अजून झोपू देत नाय.

"रामजीकाका, मी शब्द दिला होता ना. थांबा, मी येतोय म्हणून. कुठल्यातरी पेशंटला. माझं रक्त एकदाच काढता येणार. तुमच्याबरोबर येऊन सीमावहिनीला दिलं असतं, तर त्या पेशंटचं काय झालं असतं? मेसेजमध्ये कुठलं रक्त ते लिहिलं नव्हतं. वहिनीला काय, चाळीत इतके जण होते द्यायला. त्या पेशंटला मीच होतो." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "ती पेशंट वहिनीच होती, हे मला कोण सांगणार?"

 काकी तोंडात पदर धरून बसलेली.

ताईनं हात पुढं केला. "मेल दाखव."

मेल होती. बटणंही होती. पण त्यानं कुठलं बटण दाबलं, ते मेलवर कुठं उमटलेलं नव्हतं. ते माहीत होतं फक्त लोअर परळच्या ऑफिसात. आणि तिथनं तर उलटंच बाहेर आलं होतं.

३

शिवा खाली पायरीवर बसला होता. मांडीवर पोरगी, मलमलच्या फडक्यात. त्याच्या नखांत अजून लाल रंग होता.

"ताई, त्याची बाजू घेऊन आली असशील तर जा."

"मी कोणाची बाजू घेऊन येत नाही, शिवा. तो फोन. काय बोलला माणूस, शब्दन् शब्द सांग."

"बाई की पुरुष ते पण कळलं नाही. तोंडावर कापड धरलं होतं बहुतेक. म्हणाला, रक्त तुझ्याच चाळीत होतं. दुसरा मजला, धनेश. नाही म्हणाला." शिवा थांबला. पोरीच्या तोंडावरची माशी हाकलली. "आणि म्हणाला, तुझी बायको जात होती तेव्हा तो जेवून, फोन हातात घेऊन घरात बसला होता."

"हेच शब्द?"

"विसरीन काय मी? जेवून, फोन हातात घेऊन. मी वर गेलो, त्याला विचारलं, तू जेवलास का त्या दुपारी? तर रडायला लागला. हो म्हणाला." त्यानं पोरीचं फडकं सारखं केलं. "माझी सीमा जात होती, आणि हा डाळभात खात होता."

 ताईनं पोरीच्या कपाळाला बोट लावलं आणि उठली. आम्ही टेम्पोत बसलो.

"ताई, चाळीतल्याच कोणी केला असेल फोन?"

"चाळीत कोणाला माहीत होतं त्याचं रक्त? त्यानं आईशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. फोन ट्रस्टमधनंच आलाय. पण रामज्या, त्यातलं एक वाक्य तिथं असायला नको होतं."

"कुठलं?"

"गाडी चालव. समोर बघ."

४

लोअर परळला ज्या मिलमध्ये आमचा बाप सायझिंग खात्यात सुताला खळ लावायचा, तिथं आता काचेची लिफ्ट आहे. ट्रस्टचं ऑफिस मागच्या बाजूला, जुन्या गोदामात. माणसं तीनच. हितेंद्र, ट्रस्ट चालवणारा, कॉम्प्युटरचं पण तोच बघणारा. श्रेया, मेल लिहिणारी मुलगी. आणि फोनच्या डेस्कवर सरोजिनीबाई.

आम्ही शिरलो तेव्हा बाई फोनवर होत्या. साठीच्या, पांढरा अंबाडा, सुती साडी, आवाज असा की ऐकणाऱ्याला आई आठवावी. "जेवलास का? नाही? आधी जेव बघू. मग फोन हातात घेऊन बस, मी सांगते कुठं यायचं ते." आम्हाला हातानंच बसा म्हणाल्या आणि समोर लाडवाचा डबा सरकवला.

हितेंद्रनं मात्र आत नेऊन दार लावलं. चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्र, डोळे न झोपल्यासारखे.

"मॅडम, तुम्ही आलात ते बरं झालं. नाव बाहेर गेलंच कसं, हे मलाही कळायला हवंय. नाव गुप्त राहतं म्हणून लोक येतात. आता अर्धे म्हणतायत आमचं नाव काढा."

"आधी हे सांगा, धनेश नाही म्हणाला हे नक्की?"

"रेकॉर्ड तसंच आहे. त्या दिवशी आमची टेस्ट चालू होती." तो जरा अडखळला. "म्हणजे असं. मेलला उत्तरं कमी यायची. मग कुठल्या शब्दांनी लोक जास्त येतात ते बघायचं ठरलं. यादीचे दोन भाग केले. पहिल्याला जुनी मेल, वर 'मी येतो', खाली 'जमणार नाही'. दुसऱ्याला श्रेयाची नवी."

श्रेया दाराशी उभी होती. अंगात जीव नसल्यासारखी. "माझी कल्पना होती. 'नाही' आधी ठेवायचं. माणूस 'नाही'वरनं पुढं जाईल तेव्हा त्याला वाटेल, आपण येतोय. म्हणून खाली, थांबा, मी येतोय."

"आणि पेशंट मरत असताना हे खेळ?" मी बोलून गेलो.

"रामज्या!"

"नाही, बरोबर आहेत ते," श्रेया म्हणाली. "माझ्या शब्दांनी गेली ती बाई. पहिल्या भागातून दोघं आले. एकाचं हिमोग्लोबिन कमी, परत पाठवला. दुसरा पुण्याहून निघाला, पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि माझ्या भागातून..." तिला पुढं बोलवेना.

हितेंद्रनं वाक्य पुरं केलं. "तिच्या भागातून जवळजवळ सगळे 'नाही'. जे थोडे हो म्हणाले, त्यांना बाईंनी फोन केला तर एक गावी, एक आजारी. म्हणजे लाजेनं हो दाबलं आणि फोनवर मागे हटले. आम्ही तसा निष्कर्षच काढला, की लाजवणारे शब्द चालत नाहीत."

ताईनं डोळे मिटले. पोलीस ठाण्यात असताना पण ती असंच करायची म्हणे, आणि समोरच्याला वाटायचं बाईला झोप लागली.

"मेल पाठवायच्या आधी तपासता की नाही?"

"आदल्या दिवशी स्वतःलाच पाठवतो. पहिली मी उघडली, दुसरी बाईंनी. हो दाबलं की नाव डेस्कच्या स्क्रीनवर येतं. दोन्ही आली."

"तुम्ही पाहिलीत?"

"डेस्क बाईंचा. त्यांनी सांगितलं, आली."

"आणि 'नाही' दाबून बघितलं कोणी?"

श्रेयानं मान हलवली. "इथं 'नाही' कोणीच दाबत नाही, मॅडम. टेस्टला सुद्धा नाही. बाईंना चालत नाही. पेशंटच्या नावानं नाही म्हणायचं नसतं, अपशकुन असतो म्हणतात. सुरुवातीपासून तसंच चालत आलंय."

ताईनं डोळे उघडले. "ही टेस्ट जिंकली असती तर काय होणार होतं?"

हितेंद्रनं खिडकीबाहेर बघितलं. "फोनचा डेस्क बंद होणार होता. बटण दाबलं की हॉस्पिटलचा पत्ता आपोआप. बाईंना मी सांगितलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लाडू करून आणले."

५

लाडू चांगले होते. हे सांगायला लाज वाटते, पण मी दोन खाल्ले.

"धनेश ना?" सरोजिनीबाईंनी चष्मा पुसला. "गुणी पोर. गेल्या वर्षी गणपतीत मिरवणूक सोडून आला होता. काय झालं त्याच्या मनात, देव जाणे."

"तुम्ही त्याला इतकं ओळखता, मग नाही म्हणाला तरी एक फोन करायचा ना, बाई?"

"अहो, माझ्या स्क्रीनवर 'नाही'वाल्यांची नावं येतच नाहीत. फक्त 'हो'वाल्यांची येतात. मला काय कळणार?"

"पेशंटचा पत्ता येतो?"

"येतो. हॉस्पिटल पाठवतं."

"म्हणजे पेशंट धनेशच्याच चाळीतली, हे तुमच्या लक्षात आलं होतं."

बाईंचा हात डब्याच्या झाकणावर थांबला. "एवढ्या गडबडीत कुठं लक्षात येतं?"

"आणि शिवाला फोन कोणी केला असेल?"

"पोरं आहेत ऑफिसात. आजकालच्या पोरांना गुप्त म्हणजे काय ते ठाऊक नाही." त्यांनी श्रेयाच्या टेबलाकडं बघितलं. ती डोकं टेबलावर ठेवून बसली होती. बाई उठल्या, तिच्या पाठीवरनं हात फिरवला, म्हणाल्या, "जेव गं चार घास. किती दिवस अशी राहणार?"

मला त्या क्षणी खात्री झाली. फोन हितेंद्रनंच केला. आपल्या टेस्टनं बाई मेली, आता खापर दुसऱ्यावर फोड. जिन्यात मी ताईला तसं सांगितलंही.

"आणि बाई?" ती म्हणाली.

"बाई देवमाणूस आहे, ताई."

"हो," ताई म्हणाली. "तेच तर वाईट आहे."

६

मिलच्या फाटकासमोर टेम्पो लावून आम्ही चहा घेतला. ताईला बिनसाखरेचा. तिनं एक घोट घेतला आणि ग्लास माझ्याकडं दिला.

"तुला एक विचारते. समज, तू नाही म्हणालास. कोणाच्या लग्नाला येत नाही म्हणून सांगितलंस. मग काय करतोस?"

"झोपतो. कामाला जातो. काय पण."

"घड्याळ बघत, कपडे घालून दारात बसतोस?"

"कशाला बसू? जायचंच नाय तर."

"मग धनेश नाही म्हणाला असेल, तर तो जेवून, फोन हातात घेऊन कशाला बसेल?"

मी ग्लास खाली ठेवला.

"फोन करणाऱ्यानं शिवाला तेच सांगितलं," ती पुढं म्हणाली. "त्याला त्या पोराला घाण दाखवायचं होतं. म्हणून जे चित्र डोक्यात होतं ते बोलून गेला. पण ते चित्र नाही म्हणणाऱ्याचं नाही, हो म्हणून वाट बघणाऱ्याचं आहे. म्हणजे फोन करणाऱ्याला माहीत होतं की धनेश हो म्हणालाय. आणि हो म्हणणाऱ्यानं आधी जेवायचं, मग फोन हातात घेऊन बसायचं, ही शिकवण कोणाची?"

मला तो आवाज आठवला. जेवलास का? आधी जेव बघू.

"पण ताई, मशीन तर नाही म्हणतंय."

"मशीनमध्ये काय झालं, तेही दिसतंय की. एकीकडं हो म्हणून फोनवर नाही म्हणणारे. दुसरीकडं नाही म्हणून वाट बघणारा. दोन्ही उलटे. श्रेयानं बटणांची जागा बदलली. मोजणाऱ्यानं बदलली नाही." तिनं टेम्पोचा दरवाजा ढकलला. "चल वर. त्यांच्यासमोरच दाखवू. हात दे, गुडघा."

७

ताईनं तिघांना डेस्कभोवती उभं केलं. हितेंद्रला म्हणाली, तुमची ती दुसरी मेल आहे ना, बाईंनी तपासली होती ती, तीच परत बाईंना पाठवा. काही बदलू नका.

मेल आली. बाईंनी फोन हातात घेतला. पण दाबेनात.

"दाबा ना, बाई. हो दाबा. 'नाही' तर तुम्ही दाबतच नाही."

बाईंनी 'थांबा, मी येतोय' दाबलं. धन्यवाद, तुमचं उत्तर पोचलं. आम्ही सगळे डेस्कच्या स्क्रीनकडं बघत राहिलो. काही आलं नाय. बाहेर लिफ्टची घंटा वाजली, कोणीतरी हसत गेलं. स्क्रीन कोरा.

"आता मी 'नाही' दाबते," ताई म्हणाली, आणि बाईंच्या हातातल्या फोनवर वरचं बटण दाबलं. सरोजिनीबाईंचं नाव टुणकन स्क्रीनवर आलं.

हितेंद्र खुर्चीत बसला. "वरचं म्हणजे हो, खालचं म्हणजे नाही. मोजणी तशीच राहिली. मी नुसते शब्द बदलले. अरे देवा. तिचे सगळे 'नाही'... ते सगळे येत होते."

श्रेयाच्या तोंडातनं आवाज निघाला, रडण्याचा पण नाय, ओरडण्याचा पण नाय.

"ही चूक तुमची," ताई हितेंद्रला म्हणाली. "पण चूक आदल्या दिवशीच सापडायला हवी होती. बाई, तुमचं नाव आज आलं नाही. मग त्या दिवशी आलं असं कसं सांगितलंत?"

"नेट... आठवत नाही मला. वय झालं."

"ठीक. हितेंद्र, हो म्हणून मागे हटले त्यातल्या एकाला फोन लावा. नाव मला सांगू नका. स्पीकरवर घ्या, फक्त विचारा, हो का म्हणालात?"

हितेंद्रनं लावला. पलीकडं गावाकडचा माणूस, मागं कोंबड्यांचा आवाज. "हो कुठं म्हणालो साहेब? मी जमणार नाही दाबलं होतं. बाईंचा फोन आला तेव्हाच त्यांना सांगितलं, काहीतरी उलटं झालंय तुमच्याकडं. त्या म्हणाल्या, बरं, बघते."

फोन बंद झाला. 

सरोजिनीबाईंनी डब्याचं झाकण लावलं, नीट दाबून. आवाज तोच, मायेचा.

"इतकी वर्षं मी एकेकाला फोन करून आणलं. पावसात, कर्फ्यूत. आणि हे म्हणाले, बटण पुरेल. मला वाटलं, पुरू दे. एक दिवस पडू दे तोंडावर, मग कळेल. पहिल्या भागातून दोघं येतच होते. मी कोणाला मारायला बसले नव्हते."

"एक परत गेला तेव्हा?"

"तेव्हा उचलला ना फोन. धनेशचा नंबर पाठ आहे मला. त्याचं नाव स्क्रीनवर नव्हतं, म्हणजे तो हो म्हणालाय, हे कळत होतं. तो जेवून बसला असणार, हेही ठाऊक होतं." त्यांनी पहिल्यांदा नजर खाली केली. "मग वाटलं, हे विचारतील, त्यानं हो म्हटलंय हे तुला कसं कळलं? आणि ठेवला. वाटलं, पुण्याचा पोचेल."

"आणि त्याच पोराचं नाव शिवाला दिलंत."

"हितेंद्र रेकॉर्ड उघडून बसायला लागला होता. कोणीतरी नाही म्हणालं, एवढ्यावर सगळे गप्प झाले असते, मशीन कोणी तपासलं नसतं." त्या श्रेयाकडं वळल्या. "तू तरी दोन घास खा गं."

श्रेयानं लाडवाचा डबा उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत उपडा केला.

८

कायदा बाईंचं काय करेल, मला माहीत नाय. ताईनं हितेंद्रला पोलीस ठाण्यात नेऊन सगळं लिहून द्यायला लावलं. तिथला साहेब म्हणाला, फोन न करणं याला कुठलं कलम लावू? ताई म्हणाली, तुम्ही लिहा तर, कलम मी शोधते. हितेंद्रचीही मान त्यातनं सुटणार नाय, असं ती म्हणते. मशीन त्यानं आता दुरुस्त केलंय, आणि 'नाही' पण दाबून बघतात म्हणे.

शनिवारी सकाळी धनेशच्या दारात माझाच टेम्पो लागणार होता. सामान बांधून तयार. मी वर गेलो तर शिवा आधीच उंबऱ्याशी उभा, कडेवर पोरगी. ताईनं आदल्या संध्याकाळी त्याला सगळं सांगितलं होतं. चाळ गॅलरीत जमलेली, पण लांब.

"दाखव," शिवा म्हणाला.

धनेशनं मेल उघडून फोन पुढं केला. शिवानं वाचली. अंगठ्यानं खाली खाली सरकवत गेला, त्या शेवटच्या बटणापाशी थांबला. थांबा, मी येतोय.  मग तिथंच उंबऱ्यावर बसला, त्या लाल अक्षरांच्या खाली.

"ती शुद्धीत होती शेवटपर्यंत," तो म्हणाला. "सारखी विचारत होती, कोण येतंय का? मी म्हणायचो, येतंय, येतंय. मला वाटायचं मी खोटं बोलतोय."

धनेश खाली बसला. दोघांच्या मध्ये उंबरा.

"जेवलास?" शिवानं विचारलं.

धनेशनं मान हलवली. शिवा वर येऊन विचारून गेला तेव्हापासनं त्याला घास गिळवत नव्हता, हे काकीनं सांगितलं होतंच.

"मी पण नाही," शिवा म्हणाला.

सुभद्राकाकीनं बांधलेल्या सामानातलं एक गाठोडं सोडलं, त्यातनं पातेलं काढलं. डाळभात. दोन ताटं वाढली. दोघं समोर घेऊन बसले. पहिला घास कोणाला उचलवेना. पोरगी किरकिरायला लागली तशी काकीनं तिला घेतलं.

मी खाली गेलो, टेम्पो वळवून रस्त्याला लावला, आणि रॉकेलचा डबा नि फडकं घेऊन परत वर आलो. ऑइलपेंट सहज निघत नाय. मी घासत होतो, आणि मागं ताटाला हात लागल्याचा आवाज येतो का ते ऐकत होतो.